दहिवराचं वजन

वजन कमी करायचं म्हणून मी एका हंगामात सहा शेर गूळ खाल्ला. लिहिण्यात चूक झालेली नाही. सहा शेर, आणि कमी करायचं म्हणून. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, किन्हीराजाच्या शिवारात कापूस वेचायला जात होते आणि आपण फार हुशार आहोत अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत पुढे पुष्कळ वर्षं टिकली. गूळ मात्र त्या माघातच संपला.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण माझी नात, सानिका. संक्रांतीला आली आहे. मनगटावर काळं चौकोनी घड्याळ असतं, पण किती वाजले ते विचारलं तर फोन काढून बघते. घड्याळ वेगळ्या कामाचं आहे. सकाळी गच्चीवर पाऊण तास गोल गोल चालून आली, घामेजलेली, आणि मनगट माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आजी, तीनशे बारा जळल्या." मी घाबरून आधी गॅसकडे बघितलं. तव्यावर गुळाची पोळी होती, ती नीट होती. जळल्या होत्या त्या हिच्या अंगातल्या कॅलऱ्या. मग पाटावर बसून, पोळीकडे टक लावून, तिनं तो प्रश्न विचारला, ज्यानं माझं डोकं तेव्हापासून उठलं आहे. "आता या तीनशे बारा मी परत खायच्या की नाही?"

म्हणजे असं की जेवढी मेहनत केली तेवढं वर खायला मुभा आहे, की मेहनत ती मेहनत आणि जेवण ते जेवण? तिच्या फोनातली माणसंही यावर भांडतात म्हणे. काही म्हणतात सगळं खा, नाहीतर अशक्तपणा येईल. काही म्हणतात अर्धंच खा, कारण घड्याळ वाढवून सांगतं. काही म्हणतात अजिबात खाऊ नका. ही बिचारी तिन्ही मतं वाचत बसली आणि तोवर पोळी गार झाली. गुळाची पोळी गार होऊ देणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी तूप वाढलं तर तिनं ताट मागे घेतलं. तूप चमच्यानं मोजायचं होतं. चमचा कोणता, तर मोठा की छोटा, यावर पाच मिनिटं गेली. माझा हात तोवर हवेत, आणि तूप थेंब थेंब माझ्याच लुगड्यावर.

मी तिला चार शब्द सुनावणार होते. तेवढ्यात रस्त्यानं रिसोडकडे कापसानं भरलेली गाडी गेली. मागच्या फटीतून पांढरे पुंजके उडत होते, बाभळीच्या काट्यांना अडकत होते. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, हवेत धूळ आणि सरकीचा तो किंचित तेलकट वास. आणि मला एकदम आठवलं की याच प्रश्नाचं उत्तर मी काढलं होतं. पंचावन्न-छप्पन साल असेल. इतकं चुकीचं काढलं होतं की सगळं गाव ते बघायला जमलं होतं. मग काय सुनावणार? गप्प बसले. गप्प बसायची मला सवय नाही, म्हणून लिहायला घेतलं.

त्याच्या आधल्या वर्षी, पावसाळ्यात, मला मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस. त्यातलं मला थोडंच आठवतं. छताच्या आढ्याला लटकलेली लसणाची जुडी, ती कधी माणसासारखी दिसायची, कधी माकडासारखी. कपाळावरची ओली पट्टी. केस गळून उशीवर पडायचे. आणि मायचे हात. ती अंथरूण बदलायची तेव्हा मला एका हातानं उचलून छातीशी धरायची, दुसऱ्या हातानं गोधडी झटकायची. मला वाटायचं माय फार ताकदीची आहे. ताकदीचा त्यात काही संबंध नव्हता, हे कळायला मला फार दिवस लागले.

त्या तापात माय मरीमायला नवस बोलली. पोरगी उठली की तिची गुळाची तुला करीन. एका पारड्यात पोरगी, दुसऱ्यात गूळ, आणि तो गूळ सगळ्या गावाला वाटायचा. आणि ती तुला होईपर्यंत आपण स्वतः गोड खायचं नाही. त्या दिवसापासून माय फिका चहा पिऊ लागली. काळा, कडू, ढवळायलाही काही नाही. तरी सवयीनं ती कपात चमचा फिरवायची. तो रिकाम्या चमच्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. तेव्हा मात्र मी त्याकडे लक्ष दिलं नाही. सतराव्या वर्षी मायच्या चहाकडे कोण बघतं?

मी उठले. नुसती उठले नाही, सुटले. तापातून उठलेल्या माणसाला जी भूक लागते ती भूक मला लागली आणि ती जाईचना. ज्वारीच्या कण्यांवरून मी भाकरीवर आले, भाकरीवरून तुपावर आले, आणि तिथेच मुक्काम ठोकला. पुढच्या दिवाळीपर्यंत माझे सगळे चोळ्या-परकर धाकट्या बहिणीकडे गेले होते. उंची माझी तेव्हाही बेताचीच. त्यामुळे जे काही वाढायचं ते आडवं वाढलं.

दिवाळी झाल्यावर बाबांनी ठरवलं, येत्या माघाच्या पौर्णिमेला तुला करून टाकू. गूळ किती लागेल याचा अंदाज हवा म्हणून त्यांनी मला वावरात नेलं, मायही बरोबर आली. तिथे निंबाच्या फांदीला कापूस तोलायचा मोठा काटा टांगलेला असे, साखळ्यांना दोन फळ्या. तो सांभाळायचे सखाराम मापारी. म्हातारे, एका डोळ्यात पाणी, पण काट्याच्या जिभेकडे, म्हणजे मधल्या सुईकडे, बघताना तो डोळाही कोरडा होई. त्यांनी मला बोजा ठेवावा तसं फळीवर बसवलं. दीड मण आणि वर सहा शेर, मण चाळीस शेरांचा. बाबांनी मान डोलावली आणि पावणेदोन मण गूळ आणायचा ठरवला, म्हणजे चार शेर वरखर्चाला.

(सानिकाला हे सांगितलं तेव्हा तिनं फोनवर लगेच शेराचे किलो केले. एकसष्ट-बासष्ट. मग उसासा टाकून म्हणाली, हे तर माझं टार्गेट आहे. म्हणजे ज्या वजनाची मला लाज वाटली ते वजन मिळावं म्हणून ही गच्चीवर फिरते.)

लाज वाटायचं कारण पार्वता काकू. काकू म्हणजे आमच्या वावरातल्या वेचणाऱ्या बायांची पुढारीण, तोंडाची तिखट, हाताची त्याहून चपळ. मी फळीवरून उतरत होते आणि काकू माझ्या मायला सांगत होती, "वैनी, या पोरीच्या तुलेले मानसं नाही पुरत. बैलजोडी आना."

बाया हसल्या. मायही हसली. माझ्या डोळ्यांपुढे माघाची पौर्णिमा उभी राहिली. देवळापुढे सगळं गाव, मधोमध मी, आणि मापारीबाबा मोठ्यानं ढेपा मोजताहेत. एकेक ढेप दहा शेरांची. जितक्या ढेपा, तितकी माझी अब्रू. तेव्हाच ठरवलं, माघापर्यंत मी अशी बारीक होईन की चार ढेपांत गुळाचं पारडं जमिनीला लागेल आणि पार्वता काकूचं तोंड उघडंच राहील.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं की मी कापूस वेचायला जाणार. माय नाही म्हणाली. तापातून उठलेली पोर, थंडीचं वावर, काही गरज नाही. मी हट्ट धरला. शेवटी बाबा म्हणाले, जाऊ दे, हातपाय मोकळे होतील. मायनं मला फडकं बांधून दिलं. वेचणाऱ्या बाया कमरेला अशी झोळी बांधतात, तिला ओटी म्हणतात. वेचलेला कापूस तिच्यात टाकत जायचं, भरली की धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, नेऊन ओतायची.

त्या सकाळी काय सांगू. सूर्य उगवायच्या आधी घरून निघायचं. पायवाटेवरची माती बर्फासारखी. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, पानापानावर दहिवर, असं दाट की रात्रीतून कुणी वावर धुऊन ठेवलंय. दोन पावलांत परकर गुडघ्यापर्यंत चिंब. बोंडात हात घातला की कापूस थंडगार लागे, आणि बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या मुळाशी टोचत. पार्वता काकू दोन्ही हातांनी वेचायची, गाय दोहावी तशी. मी एका हातानं वेचायचे आणि दुसऱ्या हातानं ते बोट चोखायचे. तरी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी चार ओट्या भरल्या. कंबर अशी जड झाली होती की वाकले तर सरळ होता येईना. आणि ती रिकामी केली तेव्हा मला स्पष्ट जाणवलं, मी हलकी झाले आहे!

हसू नका. कमरेची ओटी काढली की हलकं वाटणारच, हे शेळीलाही कळलं असतं. पण मी शेळी नव्हते, सातवी पास होते.

त्या दिवशी जेवताना पार्वता काकू तिची दुसरी भाकर मोडत म्हणाली की काम करून खाल्लेलं अंगाला लागत नाही. ती स्वतःपुरतं बोलत होती. काडीसारखी बाई, तीन भाकरी खायची, खरंच लागत नव्हत्या. मी मात्र ते वाक्य उचललं आणि त्यातून एक नियम तयार केला. नियम असा: एक ओटी वेचली की एक खडा गूळ खायचा. चार ओट्यांना चार खडे. जेवढं अंगातून गेलं तेवढंच परत घातलं, तर बिघडलं कुठे? उलट ताकद राहील, दुसऱ्या दिवशी जास्त वेचता येईल, जास्त वजन उतरेल. आज सानिका घड्याळाकडे बघून जे बोलते तेच, फक्त माझ्या मनगटावर घड्याळाऐवजी ओरखडे होते.

गूळ कुठून आणायचा हा प्रश्नच नव्हता. तुलेच्या सात ढेपा रिसोडहून येऊन मधल्या खोलीत तरटावर मांडलेल्या होत्या, वरून दुसरं तरट. खोलीत शिरलं की तो वास अंगावर यायचा, काकवीचा, उन्हाचा, थोडासा धुरकट. घरात दुसरा गूळ कमीच असे, कारण माय खात नव्हती. संध्याकाळी माय विहिरीवर गेली की मी उलथणं घेऊन आत जायचे. वरून तोडला तर दिसला असता. म्हणून मी ढेप तिरपी करून खालच्या बाजूनं कोरायचे आणि पुन्हा सरळ ठेवायचे. वरून बघणाऱ्याला ढेप अखंड. इतकी अक्कल मी अभ्यासात लावली असती तर मास्तरीण झाले असते.

आणि हे नवसाचं आहे, हे मनात आलं नाही का? आलं. पण मी म्हटलं, चार शेर जास्तीचे आणलेत ना, त्यातलंच खाते आहे. शिवाय मी बारीक होणार, म्हणजे गूळ कमीच लागणार. उरलेला देव थोडाच मोजून परत मागणार आहे? वाईट काम करणाऱ्या माणसाला कारणांचा कधी तुटवडा पडत नाही.

नियमाला पुढे पोटनियम फुटले. हुरड्याचा मी हिशेबच धरला नाही. पौष लागला, ज्वारीची कणसं दुधात आली. दुपारी धुऱ्यावर गोवऱ्यांची आगटी पेटे, कणसं भाजली जात, पार्वता काकू तळहातावर चोळून हिरवे मऊ दाणे पुढे करी. तिळाची चटणी, वांग्याचं भरीत. धुरानं डोळे चुरचुरताहेत, बोटं काळी, ओठ काळे, आणि ते गरम दाणे दाताखाली फुटताहेत. याला कुणी जेवण म्हणेल? ते तर कणीस. शेंगाही धरल्या नाहीत, कारण त्या येता-जाता खाल्ल्या. येता-जाता खाल्लेलं चालण्यातच जिरतं, असं मी ठरवून टाकलं होतं. पण ओट्या मात्र मी एकही विसरले नाही. केलेलं काम पै-पैनं लक्षात, खाल्लेलं मात्र वाऱ्यावर. सानिकाचं निराळं काय आहे? गच्चीवरची प्रत्येक फेरी घड्याळात आहे, आणि काल मैत्रिणीकडे खाल्लेल्या तीन करंज्या कुठेच नाहीत.

एकदा मात्र मला शंका आली. परकराची नाडी बांधताना हातात उरणारं टोक पूर्वी वीतभर होतं, ते चार बोटांवर आलं होतं. नाडी धुऊन धुऊन आटली असणार, हे तर उघड होतं. तरी खातरजमा करावी म्हणून मी मापारीबाबांकडे गेले. ते कापूस तोलत होते आणि बायांशी त्यांची रोजची कटकट चालली होती. पहाटे वेचलेला कापूस दहिवरानं भिजलेला असतो, जड भरतो. म्हणून सकाळच्या मापातून ते चार-दोन शेर कमी धरायचे, त्याला कडता म्हणायचे. बाया चिडायच्या, आम्ही वेचलं ते वेचलं. मापारीबाबा कापूस मुठीत दाबून त्यांच्यासमोर पिळायचे. पाण्याचे दोन थेंब पडले की भांडण संपायचं.

मी त्यांना आडून विचारलं, माणूस दिवसाला चार ओट्या वेचतो, तर त्याचं वजन किती उतरत असेल आणि त्यानं त्या बदल्यात किती खाल्लं तर चालेल? त्यांनी माझ्याकडे पाण्याच्या डोळ्यानं बघितलं.

"सकायच्या ओट्या का दुपारच्या?"

मी म्हटलं, सकाळच्या.

"मंग त्यात आर्धं दहिवर हाय, पोरी. हातात जड लागते. ऊन चढलं का उडून जाते. त्याच्या भरवशावर खाऊ नको."

मला वाटलं म्हातारा कापसाबद्दल बोलतो आहे. मी माझ्या वजनाचं विचारते आणि हा दहिवर घेऊन बसला, म्हणून मी मनात त्यांच्यावरच वैतागले. घरी आले आणि त्या रागात पाचवा खडा खाल्ला. तो नियमाबाहेरचा होता. रागानंही माणूस बारीक होतो, असं मी तेव्हा मानत असे.

माघाची पौर्णिमा आली. मरीमायच्या ओट्यासमोरच्या निंबाला काटा टांगला. साखळ्यांना झेंडू बांधले, फळ्या शेणानं सारवून त्यांवर हळद-कुंकू. गाव जमलं होतं. मी नवीन हिरवं लुगडं नेसून पुढे गेले. ऐटीत! तीन महिने वेचणी केलेली बाई मी. पार्वता काकूकडे मी एकदा ठसक्यात बघूनही घेतलं.

फळीवर बसले. पारडं धपकन जमिनीला टेकलं. टेकणारच, दुसरीकडे अजून काही नव्हतं. माय पुढे आली, डोक्यावर पदर, हात जोडलेले. ती देवीला मोठ्यानं म्हणाली की पोरगी भरू दे, भरली की गुळानं तोलीन, असं मी बोलली होती, मरीमाय. भरली पोरगी. आज तोलते.

भरू दे. नवस असा होता, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मी समजत होते, उठू दे.

मापारीबाबांनी पहिली ढेप ठेवली आणि म्हणाले, "लाभ." मापात एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन. मग तीन. चारला माझं पारडं हलेल म्हणून मी पाय वर घेतले. हललं नाही. पाच. सहावी ढेप उचलताना मापारीबाबा थबकले. त्यांचा हात खालून ढेपेत मनगटापर्यंत आत गेला होता. त्यांनी ती ठेवली, सातवी उलटी करून बघितली. तीही कटोऱ्यासारखी पोकळ. ती ठेवली. सातही ढेपा झाल्या आणि मी जमिनीवरच होते, लिंपल्यासारखी.

लोकांत कुजबुज झाली. माझ्या बाबांनी ती पोकळ ढेप हातात घेतली आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला. व्यापाऱ्यानं पोकळ माल दिला म्हणाले, उद्याच रिसोडला जातो, बाजारात चार माणसांसमोर त्याची गचांडी धरतो. बाबा तापट होते. ते गेले असते आणि धरली असती. मला त्या व्यापाऱ्याची दया आली असती तर बरं होतं. खरं सांगते, आली नाही. माझ्या मनात आलं, चला, सुटले.

पण मग मी मायकडे बघितलं. तिचे हात अजून जोडलेलेच होते. ती ढेपेकडे बघत नव्हती, देवीकडे बघत होती. तिच्या ओठांवरून मला कळलं ती काय विचारते आहे. माह्यं कुठं चुकलं. नवस उणा पडला होता. ज्या पोरीच्या जिवासाठी बोलला, त्या पोरीच्या तुलेला गूळ कमी पडला, याचा एकच अर्थ तिच्या मनात होता, देवी पोर परत मागणार, आणि तो अर्थ मला तिच्या चेहऱ्यावर दिसला.

"बाबा," मी पारड्यात बसल्या बसल्या म्हटलं, "गूळ म्या खाल्ला."

"कोन्ता गूळ?"

"खालून कोरलेला. उलथन्यानं."

आधी कुणालाच कळलं नाही. मग कळलं. आणि मग त्या निंबाखाली जे हसणं उठलं ते मी अजून विसरले नाही, फांदीवरचे कावळे उडाले. पार्वता काकू डोळे पुसत पुढे आली. माझ्याकडे बघितलं, ढेपांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"त्या पारड्यातला निंघून या पारड्यात बसला व माय. मंग कसं जमन?"

इतकं सरळ गणित मला तीन महिन्यांत सुचलं नव्हतं. मी खाल्लेला प्रत्येक खडा तिकडून कमी होत होता आणि इकडे वाढत होता. मी दोन्हीकडून मार खाल्ला होता.

बाबा काही बोलायच्या आत काकू घराकडे वळली. परत आली ती पदरात गुळाचा खडा घेऊन, आणि तिनं तो पारड्यात टाकला. मग दुसरी बाई गेली. मग तिसरी. कुणी मूठभर आणला, कुणी संक्रांतीचा उरलेला तुकडा, एकीनं तर मुंग्यांसकट. मी खाली मान घालून बसले होते आणि गाव समोरच्या पारड्यात एकेक खडा टाकत होतं. आठ शेर लागले. शेवटचा खडा पडला आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. मापारीबाबांनी काट्याच्या जिभेकडे बघितलं, तो डोळा कोरडा करून, आणि पोकळ ढेपांतले सहा शेर वजा धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एक मन बत्तीस शेर." मग माझ्याकडे वळून जरा हळू, "कोरडं बरं. दहिवर नाही."

दीड मण सहा शेरांवर मी हंगाम सुरू केला होता. सहा शेर गूळ खाल्ला, सहा शेर वाढले. चिमूटभरही वाया गेला नाही. पार्वता काकूनं तिचा तो खडा मला पुढे तीस वर्षं ऐकवला. माझ्या लग्नात ऐकवला, पहिल्या बाळंतपणात ऐकवला. पाव शेराचा असेल. शेवटी शेवटी तो दोन शेरांचा झाला होता.

सानिकाला मी यातलं एवढंच सांगितलं की बाई, ते घड्याळ सकाळचा कापूस तोलतं. त्याचा अर्धा आकडा पिळून टाक. भूक लागली असेल तर पोळी खा, भुकेची खा, पोटभर खा. पण चालल्याचं बक्षीस म्हणून खाऊ नकोस, कारण आपण स्वतःला बक्षीस द्यायला लागलो की हात फार सैल सुटतो. तिनं विचार केला. मग म्हणाली, "म्हणजे अर्धी पोळी?" मी डोक्याला हात लावला. मग तिनं अख्खी खाल्ली, वर तूप घेतलं, चमचा कुठला ते न विचारता. आणि उठून पुन्हा गच्चीवर गेली. वरून तिच्या पायांचा आवाज येतो आहे. फिरू दे.

माझ्या मनात मात्र तो रिकामा चमचा वाजतो आहे. तुलेच्या संध्याकाळी गूळ वाटून झाला, प्रसादाचा एक खडा घरी आला. माय चुलीपुढे बसली होती. दीड वर्षानंतर तिनं चहात गूळ घातला, चमचा फिरवला, आणि या वेळी तो विरघळेपर्यंत फिरवत राहिली. एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मी दाराशी उभी होते. रडत होते, आणि आपण रडतो आहोत याचाही मला वैताग येत होता. मी म्हटलं, माय, उद्यापासून एकच भाकर खाईन, गूळ शिवणार नाही, हे सगळं अंगावरचं उतरवून दाखवीन. मायनं कप खाली ठेवला. रागावली नव्हती. मला जवळ बसवलं, दंडाला धरून, जशी तापात धरायची तशी, आणि म्हणाली:

"तापात तुले मी एका हातानं उचलत होती. आता जे तुह्या आंगावर हाय ना, त्यात माह्या तोंडचा दीड वर्साचा गूळ हाय. तो कोन्ता, ते पहिले दाखव मले. मंग उतरव."